शेवटची गाडी खिंडीतूनच परत

सात वाजून दहा मिनिटांनी, काकू. घड्याळ समोरच आहे माझ्या, ते बघा, खिडकीच्या वर — आणि पहिली बोट लागायची वेळ तीच, म्हणून नेमकं लक्ष गेलं — तर सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं, आणि तेव्हापासून माझा एकही चहा धड झालेला नाही. तुम्ही निदान हसून सांगितलंत. मघाशी एक जण आला होता, त्याने कप नुसता परत ठेवला आणि म्हणाला, बाई, यात चहा घालायचा राहिलाय. नुसतं गरम दूध दिलं होतं मी त्याला. द्या इकडे, दुसरा करते. बसा ना — त्या टोकाला नको, तो बाक लंगडा आहे, भिंतीकडे सरका. आणि बॅग ठेवायची असेल तर इकडे आत द्या, फक्त अलगद, त्या पेटीला धक्का नको. पेटीत ती झोपलीय. हो, माझीच. फळांची पेटी आहे, पण आत दुलई आहे दोन पदरी, आणि कडांना कापड शिवलंय, काही टोचत नाही. दात येतायत तिला, रात्रभर माझ्या खांद्यावर होती. आत्ता कुठे डोळा लागलाय. थांबा हं, एक मिनिट — नाही, काही नाही, नाकापुढे बोट धरून बघते मी मधूनमधून. सासूबाई म्हणतात, तू अशी बघत राहिलीस तर ती पोर श्वास घ्यायलाही लाजेल. म्हणू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

गाडीला अवकाश आहे अजून. बोट लागली की लगेच गाडी असते असं सगळ्यांना वाटतं, पण गाडी डेपोतून येते, आणि डेपो इथेच, पण गावाच्या त्या टोकाला. या बेटावर गाडी एकच, काकू, आणि रस्ताही एकच. धक्क्यावरून निघते, वळणं घेत खिंडीत चढते, पलीकडे उतरून पवनचक्कीपाशी थांबते आणि शेवटी दीपगृह. बस. फिरायला येणारी सगळी माणसं या तीन थांब्यांवर उतरतात आणि तिथून ज्याची त्याची वाट. तुम्ही कुठली ठरवलीय? खिंडीतून मनोऱ्याकडे — चांगली आहे ती. सपाट आहे, कड्याच्या अंगाने जाते पण भिण्यासारखं काही नाही, आणि दोन्हीकडे समुद्र दिसतो. पवनचक्कीवरून उतरलं की काळ्या वाळूची वाट, ती खाली खाडीत जाते आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दीपगृहाला निघते. दमवते ती. पण सुंदर तीच. तिथे खाली गेलं ना काकू, की वरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, नुसता समुद्र — फक्त खिंडीत वाजवलेला हॉर्न तेवढा ऐकू येतो. खिंड अशी आहे ना, दोन डोंगरांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखी. तिथे हॉर्न वाजवला की पलीकडे काळ्या वाळूवरही ऐकू येतो आणि वारा बरा असेल तर अलीकडे इथे धक्क्यावरही.

आणि एक आधीच सांगून ठेवते, मग विसरायला नको. आजपासून थंडीचं वेळापत्रक लागलंय. शेवटची गाडी दीपगृहापर्यंत जात नाही, खिंडीतूनच परत फिरते. दिवस लहान झाला, आणि पलीकडचा रस्ता एका बाजूने खचलाय, अंधारात नको म्हणून. तुम्हाला काही फरक नाही, तुम्ही खिंडीतच परत येणार. पण सगळ्यांना सांगायचं काम माझं. काल जेवताना आमचे हे म्हणाले — गाडी तेच चालवतात, दुपारपासूनची पाळी त्यांची — म्हणाले, अगं, उद्यापासून खिडकीशी जो येईल त्याला सांग. एकूण एक माणसाला. कोणी दीपगृहावर अडकायला नको. म्हटलं सांगते. सांगितलंही. सकाळपासून एकूण एकाला सांगितलं, ते शाळेचं टोळकं गेलं त्यांच्या बाईंना दोनदा सांगितलं. जवळजवळ एकूण एकाला.

चहा घ्या. आता बघा कसा झालाय. काठी घ्यायची असेल तर त्या पिंपातली घ्या कुठलीही, संध्याकाळी परत आणून ठेवायची. तेवढ्यावरून मला कळतं, पिंप भरलं की डोंगर रिकामा. ती बारीक घ्या, हलकी आहे. निळ्या दोऱ्याची होती एक, सगळ्यात सरळ, हातात अशी बसायची — ती आता नाही. म्हणजे आहे, पण ती इथे नसते. ती लाल टोपीवाली घेऊन जाते. दर रविवारी. काय आहे, ती काठी माझी होती. पिंपातली नव्हे, माझी. लग्नाआधीची. दोरा मीच गुंडाळला होता मुठीला, हाताला घाम आला की निसटायची म्हणून. आणि मागे उन्हाळ्यात एक दिवस बघते तर ती बाई माझी काठी टेकत टेकत गाडीतून उतरतेय. घरी गेल्यावर विचारलं यांना. तर म्हणाले, तशीच पडून होती दाराआड, कोळी लागले होते तिला, म्हणून दिली. तिची काठी मोडली होती त्या दिवशी. — आता तुम्हीच सांगा, काकू, पिंपात इतक्या काठ्या असताना दाराआडचीच कशी सापडते माणसाला? आणि कोळी लागले होते तर पुसायचे. मी नव्हते का घरात? मी होते, काकू, मी कायम घरातच असते. काठीला कोळी लागले ते त्यांना दिसले.

नाही, मी तशातली नाही हो. संशय वगैरे घेणारी. सासूबाईंनीच पहिल्यांदा म्हटलं, ती लाल टोपी फारच नेमाने येते ग, पंचांगात सुद्धा इतका नेम नसतो. मीच म्हटलं, अहो, फिरायला येते बिचारी. पलीकडे शहरात कुठेतरी दातांच्या दवाखान्यात काम करते म्हणे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघायचं, मग रविवारी समुद्राकडे बघावंसं वाटणारच. एवढं चांगलं बोलले मी तिच्याबद्दल. आणि बाई वाईट नाहीच. तिथेच तर सगळी पंचाईत आहे. वाईट असती तर बरं झालं असतं. येते, हसते, बूट घट्ट बांधते या बाकावर बसून, बाटलीत पाणी भरून घेते, मला वहिनी म्हणते. वहिनी म्हणजे हे तिचे दादा झाले की नाही? पण यांना दादा म्हणताना मी अजून ऐकलं नाही. 'ड्रायव्हर साहेब' म्हणते, हसत. आणि हे — घरात ज्यांना भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला दोन दिवस लागतात — ते तिच्याशी वाऱ्यावर बोलतात, भरतीवर बोलतात, कुठल्या कड्यावर कुठला पक्षी बसतो त्यावर बोलतात. मला कोण सांगतं हे, विचारू नका. गाव लहान आहे.

आणि ही. ही पेटीतली. तुम्हाला खोटं वाटेल, पण दात यायला लागल्यापासून माझ्याकडे बघून एकदा हसली नाही धड. मी घेतलं की किरकिर, ठेवलं की रडणं. आणि मागे एका रविवारी ती लाल टोपी खिडकीतून वाकली, टोपी काढली, परत घातली, परत काढली — एवढंच, याहून काही नाही — आणि ही खदखदून हसली. आवाज करून. तिचं पहिलं हसू ते, आवाजाचं. मी चहा गाळत होते, पाठ होती माझी. वळले तोवर संपलं होतं. ती म्हणाली, अय्या वहिनी, किती गोड हसते हो. म्हटलं, हो, हसते. — हसते म्हणे. मी ऐकलंच नव्हतं कधी. त्यानंतर मी एक लाल कापड आणून डोक्याला बांधलं घरी. हसू नका. बांधलं, काढलं, बांधलं, काढलं. ढिम्म. वर रडली.

तुमच्या घरी कोण आहे, काकू? एकट्याच निघालात? बरं वाटतं असं बघून. म्हणजे बरं वाटतं आणि आत कुठेतरी टोचतंही, खोटं कशाला बोलू. या खिडकीतून दिवसभर मला बूटच दिसतात, चेहऱ्यांच्या आधी. खिडकी अशी खाली आहे ना. बोटीतून उतरणारे बूट, गाडीत चढणारे बूट, संध्याकाळी चिखल लागलेले बूट. कुठला चिखल कुठल्या वाटेचा ते मला इथे बसून कळतं — लाल असला तर मनोरा, काळा असला तर खाडी. मी चालायचे हो. मी या डोंगरावरचीच. आमचं घर खिंडीच्या खाली, पलीकडच्या अंगाला. इथे शाळा सातवीपर्यंत. आठवीला बोटीने पलीकडे जावं लागायचं, आई म्हणाली समुद्र ओलांडून शिकायला तू काय कप्तान होणारेस? राहिलं. मग मी दीपगृहावर दूध पोचवायचे, सकाळ-संध्याकाळ, सगळी चाल. काळ्या वाळूवर माझ्या पावलांनी वाट पडली असेल. हे तेव्हा नवे होते गाडीवर. मला संध्याकाळी धक्क्यावर यायचं असायचं, आणि मी कायम उशिरा, कायम खाली खाडीत रमलेली. एकदा गाडी चुकली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा खिंडीतून हॉर्न आला — दोन आखूड, एक लांब. म्हणजे काय ते मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं. धापा टाकत वर आले तर गाडी उभी, आतले सगळे वैतागलेले, आणि हे समोर बघत बसलेत जसं काही इंजिनच बंद पडलं होतं. दरवाजा उघडला, एवढंच म्हणाले, 'चढा.' लग्न ठरेपर्यंत तेवढंच बोलणं आमचं. चढा. पण हॉर्न रोज. अख्ख्या बेटाला माहीत होतं, दोन आखूड एक लांब म्हणजे कोणाचं बोलावणं. शाळेतली पोरं मला बघून तोंडाने वाजवायची.

मग आता का नाही जात म्हणता? आता कशी जाऊ? गेले होते एकदा, ही दोन-तीन महिन्यांची असताना. पाठीशी नाही, पोटाशी बांधली, नीट, मान सांभाळून. गाडीने खिंडीपर्यंत, पुढे जरा मनोऱ्याच्या वाटेने, एवढंच. वारा सुटला. ही रडायला लागली, आणि रडता रडता श्वास धरला हो हिने — तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे. किती वेळ ते मला नका विचारू. मला तर माझं अख्खं आयुष्य वाटलं. मग एकदम टाहो फोडला. डॉक्टर म्हणाले, करतात काही मुलं असं, मोठी झाली की जातं. जातं म्हणे. तेव्हापासून मी या खिडकीच्या पलीकडे गेले नाही. हे म्हणाले, राहू दे, तू नको येऊस, तुला झेपत नाही तर. चांगल्याच मनाने म्हणाले असतील. पण 'झेपत नाही' म्हणाले. मला. जिने दोन कळशा दूध घेऊन तो कडा उतरलाय. आणि हॉर्न बंद झाला. साहजिक आहे, बोलवायचं कोणाला?

तर सकाळी सात दहाला. बोट लागली, पहिले बूट तिचे. खिडकीशी आली, वहिनी, एक चहा. सकाळची गाडी म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे असते, त्यांना ऐकू कमी येतं आणि बोलतात त्याहून कमी, ते कोणाला काही सांगणार नाहीत, म्हणूनच सांगायचं काम माझं. मी तोंड उघडलंच होतं, काकू. 'आजपासून' एवढं ओठांवर होतं. आणि ती चहा फुंकत म्हणते — वहिनी, तुमचे हे किती चांगले आहेत हो, मी खाली काळ्या वाळूवर वेळ विसरते ना, तर खिंडीतून हॉर्न देतात मला. दोन आखूड आणि एक लांब. मग मी पळत वर.

असा एखादा शब्द असतो ना की तो ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही. मला तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. आणखी काहीतरी बोलत होती ती. बाकी काहीही दिलं असतं मी, काकू. काठी दिलीच होती, म्हणजे न विचारता गेली. हिचं हसू गेलं. पण तो हॉर्न — तो काही दाराआड पडला नव्हता कोळी लागत. मग तिने विचारलं, शेवटची गाडी मला दीपगृहावरच मिळेल ना? आणि मी म्हटलं, हो. नेहमीसारखी.

कप का ठेवलात?

गार झाला का? — बघू नका असं माझ्याकडे. एक शब्द आहे तो. नेहमीसारखी. काय होणार आहे, जरा थांबेल तिथे, वाट बघेल, कळेल तिला वाट बघणं म्हणजे काय असतं. मी बघतेच की रोज. गाडी येणार नाही, मग चिडेल, आणि पुन्हा या बेटावर पाय ठेवणार नाही, संपलं. असंच वाटलं मला तेव्हा. तोंडाने बोलले त्यापुढचं डोक्यात आलंच नाही. ते नंतर आलं, दूध उतू गेलं तेव्हा. दीपगृहावर गाडी आली नाही तर माणूस काय करतो? रस्त्याने चालत निघाला तर खचलेला रस्ता, काळोख. पण रस्त्याने निघणारच नाही ती. ती चालणारी आहे. तिला किनाऱ्याची वाट माहीत आहे, कड्याखालची, जवळची, दीपगृहावरून थेट धक्क्यावर. तिला वाटेल, बोट गाठायचीय, चला, खालून. ओहोटीला जातात लोक तिथून, कोरड्या पायांनी. आज संध्याकाळी भरती आहे. मला भरती कोणी सांगावी लागत नाही, मी त्यात वाढलेय. पाणी पुढून येत नाही तिथे, काकू, मागून येतं आधी. मागे वळून बघितलं की आलेली वाट नसते. एक फोटो काढणारा अडकला होता मागे, मच्छीमारांनी खडकावरून काढला, पाय मोडलेला. तो पुरुष माणूस, अंगाने हा एवढा. ओरडत होता तरी वर ऐकू आलं नव्हतं.

फोन ना? तिचा नंबर नाही माझ्याकडे. आणि असून काय, डोंगराच्या पलीकडे फोन नुसता घड्याळ बघायला. यांचा आहे, यांना करता आला असता. हातात घेतला होता. दोनदा. पण काय म्हणू? हे म्हणाले होते, एकूण एकाला सांग. विचारतील, तिला का नाही सांगितलंस. आणि मला खोटं बोलता येत नाही त्यांच्याशी, आणि खरं — खरं सांगितलं तर ते काही बोलणार नाहीत. ओरडणार नाहीत, काही नाही. समोर बघत बसतील. ते बघणं मला माहीत आहे, फक्त तेव्हा ते माझ्यासाठी होतं आणि गोड होतं.

काकू, एक विचारू? तुम्ही दीपगृहापर्यंत जाल? तिथे उतरून उलट चालत यायचं खाडीकडे, ती समोरूनच भेटेल, लाल टोपी, लांबून दिसते. नुसतं सांगायचं, बाई ग, गाडी खिंडीतूनच आहे, वर चढ. कोणी सांगितलं ते नाही सांगायचं. खिडकीतली विसरली सांगायला म्हणा. विसरते मी, चहात चहा विसरते, कोणीही मानेल. — हो का. गुडघा. नाही नाही, दाखवू नका, पट्टा दिसतोय मला. मग नकोच, तो उतार गुडघ्याचा नाही. तुम्ही मनोऱ्याकडेच जा. मी गेले असते. मला अर्धा तास लागला असता खिंडीतून खाली. पण हिला कोणाकडे देऊ? सासूबाई बोटीने औषध आणायला गेल्यात पलीकडे. आणि हिला घेऊन तो वारा — नाही. नाही जमणार मला. बघा, झेपत नाही शेवटी. बरोबरच म्हणाले ते.

उठली. उठली वाटतं. थांबा, थांबा — आलं बाळ, आले, आले. ओ ओ. गरम लागतंय का अंग? तुम्ही हात लावून बघा जरा, माझे हात चहाचे आहेत, त्यांना सगळंच गरम लागतं. नाही ना? नक्की? झोपेची ऊब. बरं.

ती काय म्हणाली पुढे, विचारताय. मी म्हटलं ना, ऐकू आलं नाही. — आलं होतं. कान काय मिटता येतात? आलं होतं, काकू, नुसतं आत घेतलं नव्हतं. म्हणाली, मी विचारलं त्यांना, हा असा वेगळा हॉर्न कुठला? तर म्हणाले, बायकोला असं बोलवायचो खाडीतून. आता ती येत नाही डोंगरावर. खिंडीत आलं की हात जातोच हॉर्नवर, सवय आहे. तुम्ही खाली असता म्हणून लाज वाटत नाही वाजवायला, नाहीतर लोक म्हणतील हा कोणाला बोलवतोय. आणि मग ती म्हणाली, वहिनी, एकदा या ना वर. वाट बघतात हो ते.

हे असं. तुम्ही हसताय. तुम्हाला वाटतंय, मग झालं की, वेडे, सुटलं. मला नाही तसं वाटत. मला जास्तच आग लागली. नवऱ्याला माझी आठवण येते हे मला दातांच्या दवाखान्यातल्या बाईकडून कळावं? चहाच्या खिडकीत, सुट्टे नाहीत सांगावं तसं? एकाच घरात राहतो ना आम्ही. एकाच ताटातलं नाही पण एकाच पातेल्यातलं जेवतो. मीठ कमी आहे हे बोलता येत नाही, वाट बघतो हे बोलता येत नाही, आणि तिला सगळं सांगता येतं — वारा, पक्षी आणि मी. मी पण त्यातलीच एक, बेटावर काय काय होतं पूर्वी, त्यात. काठी तिच्याकडे, हसू तिच्याकडे, आणि आता माझी आठवणसुद्धा तिच्याकडेच ठेवायला दिलीय यांनी. माझं म्हणून काय उरलं मग, ही पेटी आणि हे घड्याळ?

तो आवाज — नाही, तो बोटीचा. गाडी वळणावर आली की आधी पत्रा वाजतो मागचा. आत्ता ती कुठे असेल सांगू का? मोठ्या काळ्या खडकाला टेकून बसली असेल, खिंडीच्या बरोब्बर खाली. बूट काढून. डबा उघडून. तिथेच बसावंसं वाटतं माणसाला, सावली येते. टोपी बाजूला ठेवली असेल. काठी वाळूत रोवली असेल. अजून तास-दीड तास हलणार नाही तिथून. मग दीपगृहाकडे निघेल, आणि एकदा का खाडीचं टोक ओलांडलं की मग खिंडीतलंही ऐकू येत नाही. काही म्हणजे काही.

वाजला पत्रा. आली गाडी. दुपारची, यांची.

बॅग घ्या. काठी घ्या. मागच्या सीटवर नका बसू, गुडघ्याला हादरे बसतील, पुढे बसा, ड्रायव्हरच्या मागे. मी नाही येत खिडकीबाहेर. ते आरशातून बघतील, मी हिला घेऊन अशीच उभी दिसेन, रोजच्यासारखी. तुम्ही असं करा, काकू — चढताना नाही, चढताना नका बोलू, मला इथून त्यांचा चेहरा दिसतो. खिंडीच्या अलीकडचं वळण लागलं की सांगा. म्हणावं, लाल टोपी खाली काळ्या वाळूवर आहे आणि तिला शेवटच्या गाडीचं कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं कोणाकडून राहिलं ते विचारणार नाहीत. विचारलं तर सांगा, खिडकीतलीकडून. सांगा, मुद्दामच लपवलं तिने. जाऊ दे, हेही सांगा. आणि म्हणावं, गाडी थांबवा खिंडीत आणि वाजवा — दोन आखूड, एक लांब, ती वर येईपर्यंत. ती येते त्यावर. मीही यायचे.

जा, जा, ते थांबत नाहीत फार. सांगाल ना? आणि काकू, एवढंच आणखी सांगा त्यांना — म्हणावं, लांबचा आहे ना, तो जरा जास्त लांब वाजवा. वारा बरा आहे आज. इथपर्यंत ऐकू येऊ दे.